पाच मॅचची अक्कल

दर वर्षी नोव्हेंबर आला की इकडे रालीत दोन गोष्टी हमखास होतात. झाडांची पानं गळतात आणि लोकांची डोकी फिरतात. पानांचं कारण शाळेत शिकलो होतो. डोक्यांचं कारण म्हणजे कॉलेज बास्केटबॉल.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सीझन सुरू होतो. पहिला दीड-दोन महिना टीम्स बाहेरच्यांशी खेळतात. त्यात एक-दोन तगडे प्रतिस्पर्धी आणि बाकी पैसे देऊन बोलावलेले पाहुणे. मग आपापल्या कॉन्फरन्समधल्या मॅचेस, आणि मार्चमध्ये साडेतीनशेहून जास्त कॉलेजांतून निवडलेल्या ६८ टीम्सची नॉकआउट स्पर्धा. आमच्या भागात ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना आणि एनसी स्टेट ही तीन कॉलेजं एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण तासावर. मी एमएस केलं एनसी स्टेटमधून, त्यामुळे लाल रंगाशी लग्न लागलेलं आहे. सुखी संसार म्हणणार नाही, पण आहे.

तर ऑफिसच्या लंच टेबलावर पाच मॅचेस झाल्या की निकाल लागतात. "हा कोच घालवायला पाहिजे." "तो फ्रेशमन बोगस आहे." "या वर्षी फायनल फोर पक्का, लिहून ठेव." थँक्सगिव्हिंगची टर्की ओव्हनमध्ये जायच्या आधी कोच भाजून झालेला असतो. आणि हे बोलतात कोण? जी माणसं दिवसभर ए-बी टेस्ट चालवतात आणि "सँपल साइज लहान आहे" म्हणून प्रॉडक्ट मॅनेजरला परत पाठवतात, तीच. डबा उघडला की स्टॅटिस्टिक्स बंद!

आधी एक उदाहरण घ्या. ५ नोव्हेंबर २०१९ ला केंटकीने तेव्हाच्या पहिल्या नंबरच्या मिशिगन स्टेटला हरवलं आणि स्वतः पहिल्या नंबरवर गेले. १२ नोव्हेंबरला त्यांच्या घरच्या मैदानावर इव्हान्सव्हिल नावाची छोटी टीम आली. केंटकीने त्यांना यायचे ९० हजार डॉलर्स दिले होते. इव्हान्सव्हिल ६७-६४ जिंकून गेलं, वर चेकही घेऊन गेलं. त्या रात्री निकाल लावायचा तर काय लावला असता? केंटकी संपली, इव्हान्सव्हिल उगवलं. पुढे काय झालं? केंटकीने आपल्या कॉन्फरन्सची लीग जिंकली. इव्हान्सव्हिल आपल्या कॉन्फरन्समध्ये १८ मॅचेस खेळलं आणि १८ च्या १८ हरलं. एक आठवड्याच्या अंतरावरच्या दोन मॅचेस, दोन निकाल आणि दोन्ही फोल.

आता जरा आकडेमोड. घाबरू नका, बारावीची आहे. समजा तुमची टीम खरोखर ३५ टक्के थ्री-पॉइंटर टाकणारी आहे. मॅचला २२ प्रयत्न धरले तर पाच मॅचेसमध्ये ११० होतात. या ११० प्रयत्नांवरचा स्टँडर्ड एरर येतो साधारण साडेचार टक्के. म्हणजे हीच टीम, हीच पोरं, हाच कोच, आणि आकडा २६ टक्क्यांपासून ४४ टक्क्यांपर्यंत कुठेही येऊ शकतो, निव्वळ नशिबाने. २६ वाल्याला आपण म्हणणार "यांना शूटिंग येत नाही" आणि ४४ वाल्याला "काय सिस्टीम आहे राव!" एका खेळाडूचे २५ प्रयत्न घेतले तर विचारूच नका, १६ पासून ५४ पर्यंत सगळं चालतं. त्या २५ प्रयत्नांवर आपण अठरा वर्षांच्या पोराला बोगस ठरवून मोकळे.

दुसरी गंमत डिफेन्सची. "समोरच्याने आपल्याविरुद्ध ४५ टक्के थ्री टाकले, डिफेन्स भिकार आहे." समोरच्याला मोकळे शॉट किती मिळतात, किती थ्री टाकायला मिळतात, हे बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे. टाकलेला बॉल आत जातो की रिंगवर आपटतो, हे फार कमी. पटत नसेल तर फ्री थ्रो बघा. समोरचा फ्री थ्रो टाकतो तेव्हा डिफेन्स काहीच करू शकत नाही. तरी सीझनच्या सुरुवातीला काही टीम्सविरुद्ध तो ६० टक्के जातो आणि काहींविरुद्ध ८०. तिथे कुणी "फ्री थ्रो डिफेन्स सुधारा" म्हणत नाही. मग थ्रीच्या बाबतीत एवढी खात्री कुठून येते?

इथपर्यंत वाचून लंच टेबलावरची दुसरी पार्टी खूश झाली असेल. ही शहाणी पार्टी. यांचं ब्रीदवाक्य, "अजून लवकर आहे, मार्चमध्ये बघू." माफ करा, तुमचंही चुकतंय. किंबहुना माझा जास्त राग तुमच्यावर आहे. पहिली पार्टी निदान मॅच बघते तरी!

पहिली गोष्ट, मार्चची निवड करणारी कमिटी नोव्हेंबरचा पराभव माफ करत नाही. नोव्हेंबरची हार आणि फेब्रुवारीची हार एकाच वहीत मांडली जाते. दुसरी गोष्ट, नोव्हेंबर कधीकधी अगदी खरं बोलतो.

शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनाची दोन वर्षं बघा. (लाल माणसाने आकाशी रंगाबद्दल लिहिणं म्हणजे पाप आहे, पण उदाहरण चांगलं आहे, काय करणार.) नोव्हेंबर २०२१ मध्ये ते पर्ड्यूशी ८४-९३ हरले, लगेच दुसऱ्या दिवशी टेनेसीशी ७२-८९. डिसेंबरमध्ये केंटकीने ९८-६९ असं अक्षरशः धुतलं. कोच पहिल्या वर्षाचा. निकाल काय लागला असेल ते सांगायला नको. तीच टीम आठव्या सीडवरून फायनलला गेली. वाटेत ड्यूकला ८१-७७ हरवून कोच शशेव्हस्कींची कारकीर्द तिथेच संपवली. फायनलला कॅन्ससविरुद्ध हाफटाइमला १५ गुणांनी पुढे होते, हरले ७२-६९.

पुढच्या वर्षी पाचपैकी चार स्टार्टर परत आले. सीझनच्या आधीच्या मतदानात पहिला नंबर. नोव्हेंबर २०२२ मध्ये पोर्टलंडला आयोवा स्टेटशी हरले, मग अलाबामाशी चार ओव्हरटाइमनंतर १०१-१०३, मग इंडियाना, मग व्हर्जिनिया टेक. लागोपाठ चार. शहाणी पार्टी म्हणाली, "गेल्या वर्षी पण असंच झालं होतं. शॉट पडत नाहीयेत, पडायला लागतील." नाही पडले. २०-१३ वर सीझन संपला आणि मार्चच्या स्पर्धेत जागाच मिळाली नाही. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ टीम्सची झाल्यापासून पहिल्या नंबरने सुरुवात करून बाहेर राहिलेली ही पहिली टीम.

हरण्याचा नमुना तोच आणि शेवट उलटे. मग फरक कुठे होता? पाचवा स्टार्टर, ब्रेडी मॅनेक, गेला होता. हा उंच माणूस थ्री-पॉइंट लाइनबाहेर उभा राहून चाळीस टक्क्यांच्या आसपास शॉट टाकायचा, त्यामुळे समोरच्या मोठ्या माणसाला बाहेर यावं लागायचं आणि आतली जागा मोकळी व्हायची. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये "आज शॉट पडले नाहीत" हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, "हे शॉट टाकतंय कोण, आणि आत एवढी गर्दी का?" हे तिसऱ्या-चौथ्या मॅचला डोळ्यांनी दिसत होतं. स्कोअरबोर्डवर दिसत नव्हतं, इतकंच.

आणि हाच माझा मुद्दा आहे. लवकर मत बनवू नका असं मी म्हणतच नाहीये. चुकीच्या गोष्टीवरून बनवू नका, एवढंच. डीन ऑलिव्हर यांनी २००४ सालीच चार गोष्टी सांगून ठेवल्या आहेत: शॉटचा दर्जा, टर्नओव्हर, रिबाउंड आणि फ्री थ्रो लाइनवर किती वेळा जाता. यातली टक्केवारी बाजूला ठेवा आणि बघा, पोरं बॉल घालवतायत का, चुकलेल्या शॉटमागे धावतायत का, शॉट मोकळे आहेत का. "८५ गुण खाल्ले" म्हणून ओरडण्याआधी मॅच किती वेगात खेळली गेली ते बघा. सवयी लवकर दिसतात, निकाल उशिरा. शिवाय आता ट्रान्सफर पोर्टलमुळे अर्धी टीम दर वर्षी नवी असते. एप्रिल २०२४ पासून तर कितीही वेळा कॉलेज बदलता येतं. नोव्हेंबरची टीम म्हणजे नुकतंच ऑनबोर्डिंग झालेला प्रोजेक्ट. पहिल्या स्प्रिंटच्या व्हेलॉसिटीवरून तुम्ही कुणाला काढता का?

तुम्ही म्हणाल, अरे बाबा, खेळ आहे, टाइमपास आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? दहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. पण ११ मार्च २०२४ पासून नॉर्थ कॅरोलायनात मोबाइलवर बेटिंग कायदेशीर आहे. आता लंच टेबलावरच्या "बोगस" या शब्दामागे वीस डॉलर असतात. मागे एका मॅचला माझ्या मागच्या रांगेतला माणूस एका पोराच्या नावाने शेवटपर्यंत शिव्या देत होता. आमची टीम जिंकत होती! त्याची तक्रार एवढीच की त्या पोराचे दोन रिबाउंड कमी पडले आणि याची बेट बुडाली. ते पोर एकोणीस वर्षांचं. घरी गेल्यावर फोन उघडल्यावर त्याला काय वाचायला मिळालं असेल, याचा अंदाज करा.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "आता त्यांना पैसे मिळतात, मग ऐकून घ्यायला नको?" मिळतात, खरं आहे. जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. टीका जरूर करा. पण पगार वाढला म्हणून स्टँडर्ड एरर कमी होत नाही. ११० शॉट म्हणजे ११० शॉटच.

आता स्वतःचं सांगतो, नाहीतर म्हणाल मोठा शहाणा लागून गेला. मार्च २०२४. एनसी स्टेट लीगमधल्या शेवटच्या चारही मॅचेस हरली, १७-१४. मी जाहीर केलं की कोच कीट्स यांना आता निरोप द्यावा. मग वॉशिंग्टनला एसीसी स्पर्धेत आमची दहाव्या सीडची टीम पाच दिवसांत पाच मॅचेस जिंकली. सेमीफायनलला व्हर्जिनियाविरुद्ध शेवटच्या क्षणी मायकेल ओकॉनेलचा थ्री बोर्डाला लागून आत गेला, म्हणून ओव्हरटाइम मिळाला. १९८७ नंतर पहिलं एसीसी विजेतेपद, आणि १९८३ नंतर पहिल्यांदा फायनल फोर. मी घरात नाचलो, आणि कीट्स किती महान आहेत हे सगळ्यांना ऐकवलं. पुढचा सीझन १२-१९. मार्च २०२५ मध्ये कीट्स गेले.

म्हणजे मी दोन्ही वेळा चुकलो. चार पराभवांवरून निकाल लावला तेव्हा, आणि नऊ विजयांवरून लावला तेव्हाही. मार्चसुद्धा लहानच सँपल आहे, फक्त त्याला बँडबाजा असतो. तो बॉल दोन इंच बाजूला लागला असता तर कोचची किंमत बदलली असती? आमच्या तोंडी बदलली असती, नक्की.

माझ्या पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात मी दोनदा बिल्ड तोडला होता. मॅनेजरने खुर्ची ओढली, शेजारी बसला आणि म्हणाला, काय केलंस ते दाखव. तू कसा आहेस ते सांग, असं नाही म्हणाला. तेवढ्यावर मी आज इथे आहे.

तेव्हा पुढच्या नोव्हेंबरला एवढंच करा. पाच मॅचेसनंतर टीम कशी खेळतेय ते बोला, अगदी भांडून बोला. कोण कसा आहे, ते राहू द्या. आणि माझ्या मागच्या रांगेत बसणार असाल, तर फोन खिशात ठेवा.