एक जेंट्स, बाकी हाफ

परवा सकाळी कारध्याच्या थांब्यावर लाखनीकडे जाणारी एसटी पकडली. पुढच्या सीटवर एक बाई आणि तिचा मुलगा. कंडक्टर आले आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "जेंट्स किती, लेडीज किती?" बाई म्हणाली, "एक लेडीज, एक हाफ." कंडक्टरनी मुलाकडे पाहिलं. ओठावर कोवळी लव, शर्टाच्या बाह्या आखूड झालेल्या.

"हा हाफ कसा? हा तर जेंट्स झाला."

"नाही जी, लेकरू हाय. बाराचंबी नाही झालं."

तेवढ्यात ते लेकरूच ठणकावून म्हणालं, "मी जेंट्स आहे. मला तेरावं लागलं." सगळी गाडी हसली. आईने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि कनवटीचे पैसे काढले.

मीही हसले. मग खिडकीबाहेर बघता बघता हिशेब मांडत बसले. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ते पूर्वीपासून आहेच. म्हणजे हा मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत हाफ होता, आता फुल झाला. त्याला बहीण असेल, तर ती बारा ओलांडूनही हाफच राहणार, आईसारखी, माझ्यासारखी. पंचाहत्तरी गाठली की मग दोघंही फुकट.

गैरसमज नको. या सवलतीबद्दल माझी काही तक्रार नाही, मी स्वतः ती रोज घेते. आमच्या गाडीत भंडाऱ्याच्या दवाखान्यात जाणाऱ्या, लेकीला भेटायला निघालेल्या, कामावर जाणाऱ्या किती बायका वाढल्या ते मी पाहते. मला बोलायचंय ते त्या शब्दाबद्दल. तिकिटाच्या भाषेत आता 'जेंट्स' म्हणजे 'पूर्ण'. आमच्या घरादारांत या शब्दाचा तोच अर्थ फार आधीपासून आहे.

आधी व्याकरण. बीएड करून आलेल्या प्रत्येक भाषाशिक्षकाप्रमाणे मीही सुरुवातीची काही वर्षं हातात लाल पेन घेऊनच फिरत होते. एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, 'तेवढ्यात एक जेंट्स आला.' मी 'जेंट्स'भोवती गोल केला आणि समासात लिहिलं, 'अनेकवचन! एक पुरुष आला.' त्याच आठवड्यात उर्दूच्या तासाला वाहिद-जमा, म्हणजे एकवचन-अनेकवचन, शिकवत होते. खबरचं जमा अखबार, हालचं जमा अहवाल, कायद्याचं जमा कवायद. फळ्यावर लिहिता लिहिता खडू थांबला. अहवाल? हा तर मी दर महिन्याला मुख्याध्यापकांना देते, तोही एकच. आणि कवायद म्हणजे आमची पीटीच्या तासाची कवायत. मराठीने चारशे वर्षांपूर्वीच अरबीची अनेकवचनं उचलली आणि सरळ एकवचनं म्हणून वापरायला घेतली. त्यांचे अर्थही आपल्या मनाने फिरवले. मौला म्हणजे मालक, धनी. त्याचं अनेकवचन मवाली. मराठीत त्याचं काय झालं ते सांगायला नको. इस्म म्हणजे नाव, त्याच्या अनेकवचनाचंही अनेकवचन असामी, आणि आपल्याकडे 'बडी असामी' एकच असते. तेव्हा इंग्रजीतून आलेला 'एक जेंट्स' आणि 'एक लेडीज' यांत नवं काही नाही. त्या मुलीच्या वहीतला गोल मी खोडला नाही. पण तिच्यानंतर कुणाच्या वहीत केला नाही.

आता प्रश्न असा की मराठीत पुरुष असताना जेंट्स हवा कशाला? बोलून पाहा. 'बाहेर एक पुरुष उभा आहे.' बाहेर कोणी उभं नाही, एखादी कादंबरी सुरू झाली आहे, असं वाटतं. 'बाहेर एक गडी उभा आहे' म्हटलं तर तो मजूर झाला. 'बाप्या' आता म्हातारीच्याच तोंडी उरला. 'मर्द' म्हटलं की छाती पुढे आली, मिशीला पीळ आला. 'माणूस' हा तसा सगळ्यांचा शब्द, पण आमच्याकडे बाई 'माझा माणूस' म्हणते तेव्हा नवराच असतो, आणि स्वतःचा उल्लेख करताना तिला 'बाईमाणूस' असं जोडून सांगावं लागतं. नुसतं माणूस म्हणून तिचं भागत नाही. उर्दूत वेगळं नाही. आदमी म्हणजे आदमची औलाद, त्यात हव्वाच्या लेकीही आल्याच. तरी 'मेरा आदमी' म्हणजे नवरा, आणि औरत ती औरतच. इंग्रजीचा 'मॅन'ही याच वाटेने गेलेला. माणसासाठी केलेला शब्द तिन्ही भाषांत हळूहळू एकाच बाजूला सरकला.

'जेंट्स' या भांडणात नव्हता. तो पाटीवरून आला, दुकानाच्या, पार्लरच्या, सायकलच्या, संडासाच्या. इंग्लंडमध्ये तर 'द जेंट्स' म्हटलं की फक्त संडासच समजतात. त्याला जात नाही, धर्म नाही, वय नाही. आमच्या समाजातल्या लग्नांत पूर्वी मर्दाना आणि जनाना असे दोन भाग असत. आता हॉलच्या दारांवर 'जेंट्स' आणि 'लेडीज' अशा पाट्या लागतात. मला वाटतं मर्दाना हा शब्द भिंतींवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिरातींनी वाया घालवला. तो निमंत्रणपत्रिकेत कोण छापणार? आणि जनाना तर मराठीत शिवीच्या जवळ गेला. तेव्हा सभ्य, कोरडा, कुणाला न लागणारा शब्द म्हणून जेंट्स सगळ्यांना सोयीचा. मूळ 'जंटलमन' म्हणजे चांगल्या कुळातला, शरीफ. एसटी स्टँडच्या मुतारीवर ही कुलीनता वाचताना मला दर वेळी गंमत वाटते.

पण कोरडा शब्द फार काळ कोरडा राहत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांचे डबे राखीव, बाकीचे सर्वसाधारण. रेल्वेच्या लेखी त्यात कुणीही बसावं. तरी अख्खी मुंबई त्यांना 'जेंट्स डबा' म्हणते. जे बायकांसाठी म्हणून वेगळं काढलं नाही, ते सगळं जेंट्सचं. सायकलचंही तसंच. आडवा दांडा असलेली ती जेंट्स, म्हणजे खरी सायकल. दांडा खाली वाकवला की लेडीज. मी सायकल शिकले ती अब्बांच्या जेंट्स सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, कैची मारत. आज मानव विकासच्या सायकलींवर मुली शाळेत येतात तेव्हा मला माझ्या पोटरीवरचा चेनचा डाग आठवतो.

अब्बा जेंट्स टेलर होते. पाटीवर नाव लहान आणि 'जेंट्स टेलर' मोठं. फुलपँट, शर्ट, सफारी, ईदच्या आधी पायजमा-कुर्ते. लेडीज टेलरचं काम नमुन्याच्या ब्लाउजवर चालतं, बाई जुना ब्लाउज आणून देते. जेंट्स टेलरला गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावावा लागतो. त्यामुळे अब्बांकडे मापाची वही होती. त्यात गावातल्या निम्म्या जेंट्सच्या छात्या आणि कंबरा नोंदवलेल्या.

१९९३ मध्ये अब्बा गेले. मी चौदा वर्षांची, भाऊ अकराचा. एका कार्यालयात अब्बांच्या नावाचं काम अम्मीच्या नावावर करायला आम्ही तिघं गेलो. कोणतं कार्यालय ते सोडा. अर्ज मी भरला होता, उर्दू शाळेत शिकूनही माझं मराठी अक्षर चांगलं होतं. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, अम्मीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घरचे जेंट्स कोणी आहेत का?" अम्मीने क्षणभर विचार केला आणि माझ्या भावाला पुढे केलं. हाफ चड्डी, नाकाला शेंबूड. त्यांनी त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं. आम्ही दोघी उभ्या. कागद कुठला, शिक्का कुठला, पुन्हा कधी यायचं, सगळं त्यांनी त्या अकरा वर्षांच्या पोराला समजावून सांगितलं. त्याने घरी येईपर्यंत सगळं विसरून दाखवलं. मी मागे उभी राहून ऐकलं होतं म्हणून निभावलं.

ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी पैसे मागितले नाहीत, काम करून दिलं, भावाला चॉकलेटही दिलं. त्यांना उद्धटपणा करायचा नव्हता. जबाबदार कोण, एवढंच त्यांना विचारायचं होतं आणि त्यासाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता. मला राग येतो तो याचाच. शब्द इतका सभ्य, की उलट बोलायला जागाच सापडत नाही. 'पुरुष कोण आहे?' असं त्यांनी विचारलं असतं, तर अम्मी काहीतरी बोलली असती, ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

दुकान अम्मीने चालवलं. तिला कटिंग येत होतं, अब्बांनीच शिकवलं होतं. पण जेंट्सला टेप कोण लावणार? बाईने परपुरुषाचं माप घ्यायचं, हे ना तिला पटत होतं, ना गिऱ्हाइकांना. मग एक पद्धत बसली. भाऊ स्टुलावर उभा राहून टेप लावायचा आणि आकडा ओरडायचा, मी वहीत लिहायची, अम्मी पडद्यामागे कापड कापायची. वर्षभर असं चाललं. भाऊ कधी छत्तीसचा अडतीस ओरडायचा, मग शर्ट ढगळ व्हायचा आणि अम्मी रात्री उसवून पुन्हा शिवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, पोरगा बापाचा हात घेऊन आला. अम्मी पडद्यामागून हे ऐकायची. हसायची की नाही, मला दिसत नव्हतं.

पुढे रेडिमेड आलं आणि पँट-शर्ट शिवून घेणारे जेंट्स एकेक करून गेले. बायकांचे ब्लाउज मात्र रेडिमेडला पुरून उरले. कुणाच्या खांद्याला, कुणाच्या काखेला बाजारातलं माप बसत नाही. पेंटरला बोलावून पाटीवर 'लेडीज' शब्द घालून घेतला, तेव्हा भाऊ रुसला होता. अब्बांच्या पाटीवर लेडीज? मी तेव्हा त्याच्यावर फार चिडले. आता तसं वाटत नाही. त्याला त्या खुर्चीवर कुणी विचारून बसवलं होतं का? पुढे दहावी सोडून तो कामाला लागला आणि मी शिकत राहिले. माझ्या बीएडची फी त्याने भरली. जेंट्स होण्याचं फुल तिकीट त्याने अकराव्या वर्षापासून भरलं आहे, आणि ते त्याला परवडतं का, असं आम्हीही कधी विचारलं नाही. गाडीतल्या त्या मुलाला पाहून मला हेच आठवलं. तेरावं लागल्याचा त्याला केवढा आनंद झाला होता.

महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहायचं असा नियम झाला. चांगलं झालं. ती मुलं आमच्या शाळेत येतील तेव्हा हजेरीपटावर नाव लिहिताना माझा हात जरा थांबेल, पण चांगलं झालं. नाव वर चढलं, तरी दाराशी काय विचारलं जातं, ते अजून बदलायचं आहे.

हे मी दुसऱ्यांना शिकवायला लिहीत नाही. मतदार यादीच्या कामाला बीएलओ म्हणून घरोघर फिरताना मीच कितीदा म्हटलंय, "घरात जेंट्स कोणी आहेत का?" चौदाव्या वर्षी जे ऐकलं, तेच चाळिशीत माझ्या तोंडून गेलं, आणि माझं मला कळलंही नाही. बहुतेक ठिकाणी आतून उत्तर यायचं, "नाहीत, संध्याकाळी या." मी निमूट पुढच्या घरी. जिला भेटायचं तीच दारात, अर्ज तिच्याच नावाचा, आणि आम्ही दोघी मिळून तिसऱ्याची वाट बघणार. एका घरी मात्र भाकरी थापणारी बाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "जेंट्स कायले पायजे मॅडम? मले लिवता येते." पिठाचे हात धुऊन आली, सही केली, सासूचं नाव दोन ठिकाणी आहे तेही सांगितलं. नवरा खाटेवर झोपला होता, त्याला उठवलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मी विचारते, "घरात मोठं कोण आहे?" गेल्या खेपेला एका दारात सात-आठ वर्षांचा मुलगा उभा होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत वळला आणि ओरडला, "आजी, तुले बोलावते!"