सामना रविवारी, मुंबई शनिवारी

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घरी आणला. तेव्हापासून आमच्या भिशीतल्या बायका मला एकच विचारतात, "तुम्ही पोरीला घेऊन मुंबईला मॅच बघायला गेला होतात ना? कसं हो जमवलंत?" कुणाची मुलगी आता बॅट मागते आहे, कुणाची म्हणते मला एकदा खरं स्टेडियम दाखव. म्हटलं, एकेकीला सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहावं. जमवलं कसं ते सांगते आणि चुकलं कुठं तेही सांगते, कारण चूक माझीच होती.

ही गोष्ट डिसेंबर २०२३ मधली. आमची अनु तेव्हा बारा वर्षांची. गल्लीतल्या पोरांत ती एकटीच मुलगी, आणि चेंडू टाकणार तीच, असा तिचा हट्ट. २१ ते २४ डिसेंबर असा भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या महिलांचा कसोटी सामना वानखेडेवर होता. तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? तर त्या मैदानावर बायकांचा कसोटी सामना याआधी १९८४ साली झाला होता. म्हणजे मी जन्मलेसुद्धा नव्हते. शिवाय ऑस्ट्रेलियाला आपल्या मुलींनी कसोटीत तोवर एकदाही हरवलं नव्हतं. हे सगळं मला अनुनंच सांगितलं, पोळ्या लाटता लाटता.

पैशाचा प्रश्न नव्हता, भिशीचा नंबर नुकताच लागला होता. प्रश्न होता सोबतीचा. डिसेंबर म्हणजे ऊस तुटायचे दिवस. टोळी फडात आलेली, ह्यांना घर सोडणं शक्यच नाही. दीर म्हणाले, "पोरींची तर मॅच, टीव्हीवर बघा की." आणि मी गप्प बसणार, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी जाती संगं. मला समिंदर बघायचाय." पंढरीची वारी सोडली तर सासूबाई कुठं गेलेल्या नाहीत. त्यांचा गुडघा दुखतो, रक्तदाबाची गोळी चालू. पण घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. झालं, तिघी बायका, बरोबर पुरुषमाणूस नाही, आणि निघालो.

मी तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळं शनिवारचे तास मैत्रिणीला सोपवले. सोमवारी नाताळची सुट्टी होतीच. शुक्रवारी रात्री जेवणं उरकून दिरांनीच (हो, त्याच दिरांनी) जीपनं कुर्डूवाडीला सोडलं. तिथून सिद्धेश्वर एक्स्प्रेस. आपल्या भागातून मुंबईला जायला ही गाडी बायकांना फार सोयीची. रात्री झोपायचं, पहाटे कल्याण. माझी चुलत नणंद डोंबिवलीला राहते, म्हणून आम्ही कल्याणलाच उतरलो. आरक्षण करताना म्हातारं माणूस बरोबर असेल तर खालचा बर्थ आठवणीनं मागा.

फराळाचं सांगते. शनिवारी सासूबाईंची एकादशी होती, म्हणून त्यांच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू आणि दाण्याचा कूट घेतला, खिचडी नणंदेकडं केली. आमच्यासाठी दशम्या, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. कडक भाकरीसारखं प्रवासाला दुसरं काही नाही, आठ दिवस बिघडत नाही आणि सांडत नाही. फक्त दही त्या त्या जागी विकत घ्यायचं.

आता माझी चूक. अनु गुरुवारपासून म्हणत होती, "आई, शनिवारी मॅच बघू आणि रविवारी फिरू." मी ऐकलं नाही. माझा हिशेब घरगुती होता. रविवारी राणीच्या बागेत मुंगीला शिरायला जागा नसते, तेव्हा बाग शनिवारी करावी. सामना चार दिवसांचा (बायकांची कसोटी बहुतेक वेळा चार दिवसांची असते), शेवटचा दिवस रविवार, तोच निकालाचा, म्हणजे तोच महत्त्वाचा. दिवसभर निवांत बघू आणि रात्रीच्या गाडीनं परत. कागदावर किती छान दिसतं नाही?

शनिवारी अंघोळी करून दहाच्या सुमाराला लोकलनं भायखळ्याला गेलो. लोकलचं एक सांगून ठेवते. बायकांच्या डब्यावर खूण असते, पण त्यातही पहिल्या वर्गाचा छोटा डबा वेगळा असतो. घाईत त्यात चढलात तर दंड भरावा लागतो. फलाटावर उभ्या असलेल्या एखाद्या बाईला सरळ विचारा, मुंबईच्या बायका घाईत असल्या तरी सांगतात. आमच्या सासूबाईंना तर दोन मुलींनी दंडाला धरून चढवलं आणि खिडकी दिली.

राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, भायखळा स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे. गुडघा दुखत असेल तर टॅक्सी करा. २०१७ पासून तिथं पेंग्विन बघायला मिळतात, दक्षिण अमेरिकेतले हम्बोल्ट जातीचे. काचेमागं गारव्यात ठेवलेले. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यास्नी आपल्या गावाकडचं ऊन सोसायचं न्हाई." मला बागेतली जुनी झाडं जास्त आवडली. सासूबाईंना टेकायला बाकही पुष्कळ होते. अनु मात्र दर दहा मिनिटांनी माझा फोन मागत होती. मी दिला नाही. म्हटलं, आलोय तर जनावरं बघ.

संध्याकाळी गेटवे. १९११ साली राजा पंचम जॉर्ज आला त्याची आठवण म्हणून बांधलेली ही कमान १९२४ ला पुरी झाली, एवढं मी शिक्षिकेच्या सवयीनं सांगितलं. कुणी ऐकलं नाही. नाताळची गर्दी इतकी होती की समुद्रसुद्धा माणसांच्या डोक्यांवरूनच दिसत होता. सासूबाईंना लाल डबल डेकर बसमध्ये बसायचं होतं, पण डिझेलवरच्या त्या जुन्या गाड्या त्याच वर्षी सप्टेंबरात बंद झाल्या होत्या. आता विजेवरच्या, गारव्याच्या आहेत, म्हणून मी एका थांब्यावर थांबू म्हणत होते. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, पाय गेले माझे."

डोंबिवलीला पोचलो तर नणंदेच्या घरी टीव्ही चालू. अनु चप्पल न काढता समोर जाऊन उभी राहिली. ऑस्ट्रेलिया दुसऱ्या डावात पाच बाद २३३. आघाडी फक्त ४६ धावांची. हरमनप्रीतनं संध्याकाळी स्वतः गोलंदाजी करून दोघींना बाद केलं होतं, मॅकग्रा आणि त्यांची कप्तान हीली. ते परत परत दाखवत होते. अनु म्हणाली, "हरमनप्रीत विकेट काढत होती तेव्हा मी माकडं बघत होते." आणि आत जाऊन झोपली, न जेवता.

नणंदेच्या मुलानं मग मला समजावून सांगितलं. कसोटीचा शेवटचा दिवस पुरा होईलच असं नसतं. पाच विकेट राहिल्यात, तासाभरात संपू शकतं, आणि मग आपल्याला थोड्याशाच धावा करायच्या. दुपारी सगळं आटोपेल. मैत्रिणींनो, मला रात्रभर डोळा लागला नाही. नवीन भांडं घेताना चार दुकानं फिरून विचारपूस करणारी मी, लेकीला पुन्हा कधी मिळेल न मिळेल अशा एका गोष्टीसाठी तिलाच विचारलं नव्हतं. बागेचा दिवस तिच्यावर लादला आणि वर फोनही दिला नाही. पहाटे उठून बघते तर सासूबाई ओट्याशी चहा टाकून बसलेल्या. म्हणाल्या, "रडून काय व्हनार? पयल्या गाडीनं चला."

साडेसहाला घर सोडलं. हे बरंच झालं, कारण मुंबईत रविवारी दुरुस्तीसाठी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो आणि दिवस वर आला की लोकलचा भरवसा राहत नाही. रविवारी कुठं वेळेवर पोचायचं असेल तर आदल्या दिवशी पेपरात बघून ठेवा. सामान सगळं बरोबर घेतलं नाही, ते नणंदेचा मुलगा रात्री स्टेशनवर घेऊन येणार होता. स्टेडियममध्ये मोठी पिशवी, पाण्याची बाटली, डबा, पॉवर बँक यातलं काही नेऊ देत नाहीत. म्हणून पोटभर खाऊन जा. सासूबाईंच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट छोट्या बटव्यात ठेवल्या. अनुच्या खिशात माझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी होती, तशीच सासूबाईंच्या कनवटीलाही. फोन हरवतो, चिठ्ठी हरवत नाही.

वानखेडे चर्चगेट स्टेशनच्या अगदी जवळ आहे. आत सचिन तेंडुलकरचा फटका मारतानाचा पुतळा आहे, नगरच्या प्रमोद कांबळ्यांनी केलेला. तेव्हा तो बसवून दोनच महिने होत आले होते. आम्ही तो दुरूनच पाहिला. अनुला थांबायचं नव्हतं.

साडेनऊला खेळ सुरू झाला. स्टेडियम काही भरलेलं नव्हतं. तेहेतीस हजार माणूस मावतं म्हणतात, रिकाम्या खुर्च्याच जास्त दिसत होत्या. पण आमच्या पुढं शाळेच्या मुलींची एक टोळी होती, त्यांनी जो आरडाओरडा केला! टीव्हीवर कळत नाही, मैदान किती हिरवं असतं ते, आणि चेंडू बॅटीवर बसल्याचा आवाज किती उशिरा आपल्यापर्यंत येतो ते. स्नेह राणानं लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोघींना घरी पाठवलं तेव्हा अनु खुर्चीवर उभी राहिली. मी एरवी ओरडले असते, त्या दिवशी नाही ओरडले. शेवटचे पाच बळी अवघ्या २८ धावांत गेले. २६१ ला सगळा डाव आटोपला. आपल्याला हव्या होत्या फक्त ७५.

शफाली लगेच बाद झाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सासूबाईंनी विचारलं, "ही नवी आलेली कुणाची?" म्हटलं, ती मघापासून खेळतेय ती आपल्या सांगलीची, स्मृती मानधना. "सांगलीची व्हय? मंग खेळंल." आणि खेळली की! ३८ धावा करून नाबाद राहिली, दुसऱ्या टोकाला मुंबईची जेमिमा. आठ गडी राखून आपण जिंकलो. ऑस्ट्रेलियावरचा पहिला कसोटी विजय, आणि आम्ही तिथं होतो. सगळा खेळ जेमतेम तीन तासांचा.

एक गोष्ट मात्र टीव्हीवरही पुढं पुष्कळ दाखवली. आपल्या मुली चषक घेऊन फोटोला उभ्या राहिल्या, तर हरलेल्या संघाची कप्तान हीली हातात कॅमेरा घेऊन त्यांचे फोटो काढत होती. अनुनं मला विचारलं, "आई, तिला वाईट नसेल वाटत?" मी म्हटलं, वाटत असेल की. ती बराच वेळ त्या हीलीकडेच बघत होती.

तर बघा, सामना लवकर संपला म्हणून रडत बसलेल्या आम्हाला अख्खी दुपार मोकळी मिळाली. गाडी रात्रीची. गेटवेला पुन्हा जायची माझी छाती नव्हती. चर्चगेटजवळ एका खाणावळीत थाळी घेतली (सासूबाईंना आमटी फारच सपक वाटली. करकंबची बाजार आमटी खाल्लेल्या जिभेला मुंबईची आमटी म्हणजे पाणी!) आणि उन्हं उतरल्यावर चालत मरीन ड्राइव्हवर आलो. स्टेडियमपासून पाच-दहा मिनिटांची वाट. किनाऱ्याच्या कठड्यावर बसायला पैसे पडत नाहीत, कुणी उठवत नाही. म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असली तर मुंबईत याहून चांगली जागा मला तरी दिसली नाही. फक्त भर दुपारी जाऊ नका, सावली नाही. आणि स्वच्छतागृह चर्चगेट स्टेशनातच आटोपून घ्या.

समोरच्या गोल कोपऱ्यांच्या जुन्या इमारती २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आम्ही पाठ करून बसलो, कारण सासूबाईंना समुद्रच बघायचा होता. त्यांनी आधी हात जोडले. मग कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "एवढं पानी, आन् एका उसाला उपेगाचं न्हाई." आणि स्वतःच हसल्या. लाटा फोडण्यासाठी टाकलेल्या त्या चारपायी सिमेंटच्या दगडांवर पोरं चढत होती. अनुलाही जायचं होतं. आजीनं पदर धरायला लावला. बारा वर्षांची पोर, भर मुंबईत, आजीचा पदर धरून बसली. त्या बसण्यातच तिनं मला आदल्या रात्रीबद्दल सांगितलं, "मी जेवले नाही कारण मला तुझा राग आला होता. आता नाही आला."

"पुढच्या वेळी तू ठरव," मी म्हटलं. ती म्हणाली, "मग मी पहिल्याच दिवशी मॅच ठेवीन. राणीची बाग नकोच."

सूर्य बुडताना सासूबाईंनी पिशवीतून कडक भाकरीचा तुकडा काढून आम्हा दोघींना दिला. शेजारी बसलेल्या एका कॉलेजातल्या मुलीनं विचारलं, हे काय आहे, तर तिलाही दिला, चटणीसकट. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चटणी जरा तिखटच झाली होती.

रात्री छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर भाचा सामान घेऊन वेळेवर आला. बुधवारपासून माझे तास सुरू झाले. अनु शाळेतून आली की गोठ्याच्या भिंतीवर खडूनं तीन दांड्या काढून चेंडू टाकत बसते, ती अजूनही. पोरांचं भांडण झालं की आऊट का नॉट आऊट ते ओट्यावर बसून सासूबाई सांगतात. बहुतेक वेळा नातीच्या बाजूनं.