गोमुखी दरवाजा, रेडान आणि उमरेडचे डोंगर

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. इतिहासप्रेमी तरुण तिथे हमखास वाकतो, ती अक्षरे वाचतो आणि गड राजाने उभारला तरी तो कोणीतरी आखला होता, याची त्याला जाणीव होते. जमिनीला आकार देणाऱ्यांची आणखी एक परंपरा मात्र या कुतूहलातून सुटली आहे. ती गोल्फची मैदाने आखणाऱ्यांची. हा धागा त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या विद्येची खरी गरज कुठे आहे याविषयी.

गोल्फ म्हणजे साहेबांचा आणि धनिकांचा खेळ, हा आक्षेप पहिल्याच ओळीला येणार. तो खोटा नाही. ब्रिटिश बेटांबाहेरचा पहिला गोल्फ क्लब १८२९ साली कलकत्त्यात निघाला, मुंबईचा १८४२ साली, दोन्ही गोऱ्यांसाठी. नाशिकच्या मैदानाला तर आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे, तरी रणजी सामना पाहायला निघालेला नाशिककर ‘गोल्फ क्लबवर जातो’ असेच सांगतो. १९०९ साली नाशिकच्याच नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या कान्हेऱ्यांच्या नावापुढे साहेबांच्या खेळाचे नाव असे टिकून राहावे, हा इतिहासाचा खट्याळपणाच. पण खेळ कोणाचा होता एवढ्यावर त्यामागच्या विद्येचे मोल ठरत नाही. तसे ठरवले, तर परकीय सत्तांनी बांधलेले किल्लेही अभ्यासातून वगळावे लागतील.

प्रारंभी या विद्येला कर्ता नव्हता. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान वाऱ्याने, वाळूने आणि चरणाऱ्या मेंढ्यांनी घडवले. थंड वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्यांनी उकरलेल्या खळग्यांतून वाळूचे बंकर जन्मले, असे परंपरा सांगते. १७६४ साली तिथल्या होलांची संख्या २२ वरून १८ वर आली आणि पुढे तोच आकडा जगाने स्वीकारला. मैदान ‘रचणे’ हा स्वतंत्र व्यवसाय त्यानंतर शतकभराने आकाराला आला.

किल्ले पाहणाऱ्यांनी यातील एक होल अवश्य समजून घ्यावा. स्कॉटलंडमध्येच नॉर्थ बेरिक येथे पंधरावा होल ‘रेडान’ या नावाने ओळखला जातो. रेडान म्हणजे तटबंदीतून शत्रूच्या दिशेने पुढे काढलेला कोनाकृती भाग. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलच्या अशाच एका रेडानवर १८५५ साली ब्रिटिश सैन्याचे हल्ले फसले, आणि तिथून परतलेल्या एका अधिकाऱ्याला या होलाकडे पाहून तोच कोन आठवला. येथे ग्रीन समोरासमोर नसून तिरपे आहे. उजवीकडील पुढच्या टोकापासून डावीकडील मागच्या टोकाकडे ते उतरत जाते, पुढच्या बाजूस खोल बंकर आहे आणि मधल्या उंचवट्यामुळे खेळाडूला लक्ष्य पुरते दिसतही नाही. सरळ चाल करणारा बंकरात जातो. जाणता खेळाडू चेंडू उजव्या खांद्यावर टाकतो आणि उरलेले काम उतारावर सोपवतो.

रायगडाच्या महादरवाजाचे गोमुखी बांधकाम ज्याने पाहिले आहे, त्याला ही युक्ती परकी वाटणार नाही. दोन बुरुजांच्या कवेत दडलेले दार समोर येईपर्यंत दिसत नाही. वळणच शत्रूची गती तोडते. हेतू वेगळे असले तरी दोन्हीकडे भूमीच्या आकाराने समोरच्याला विचार करायला भाग पाडले आहे. पुढे चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी या होलाची प्रतिकृती अमेरिकेत नेली आणि तिथून ‘रेडान’ हा रचनेचा एक प्रकारच बनला.

या परंपरेतील सर्वांत विलक्षण माणूस अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी. हा पेशाने वैद्य. बोअर युद्धात शस्त्रवैद्य म्हणून गेला असता बोअर सैनिक आपले खंदक भूदृश्यात कसे मिसळून टाकतात, हे त्याने पाहिले. माणसाने खोदलेला बंकर निसर्गानेच खोदल्यासारखा दिसला पाहिजे, हा त्याचा आग्रह त्या निरीक्षणाशी जोडलेला आहे. १९२० साली त्याने या विषयावर पुस्तक लिहिले. बॉबी जोन्सबरोबर त्याने आखलेले ऑगस्टाचे मैदान आज जगभर दूरदर्शनवर दिसते. १९३४ साली तिथली पहिली स्पर्धा भरण्याआधीच मॅकेन्झी वारला होता.

भारतात असे काम पाहायचे तर दिल्ली गोल्फ क्लब आहे. पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकणारे ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन यांनी सत्तरच्या दशकात त्याची पुनर्रचना केली. तिथे जुन्या कबरी आणि घुमट खेळाच्या वाटेवरच उभे आहेत.

आता उमरेड. नागपूर जिल्ह्यातील या गावाजवळ वेस्टर्न कोलफिल्ड्सची जुनी उघडी खाण आहे. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी आधी वरची माती आणि खडक काढून बाजूला रचावा लागतो. सपाट मुलखात असे मानवनिर्मित डोंगर उभे राहतात आणि मागे उरतो खोल खड्डा. या डोंगरांचा आकार डंपरच्या सोयीने आणि उतार घसरू नये एवढ्या हिशोबाने ठरतो. वर झाडे लावली की काम संपले असे मानले जाते. हे पुरेसे नाही. एवढी भूमी हलवली जात असताना तिच्या रूपाचा, पाण्याच्या वाटेचा आणि तिथे उद्या चालणाऱ्या माणसाचा विचार कोणी करायचा?

गोल्फच्या रचनाकारांनी नेमक्या अशाच भूमीवर काम करून दाखवले आहे. मोंटानातील अ‍ॅनाकोंडा येथे तांबे वितळवण्याच्या जुन्या कारखान्याची विषारी जमीन झाकून जॅक निकलसने १९९७ साली मैदान उभारले. तिथल्या बंकरांत पांढऱ्या वाळूऐवजी कारखान्याचीच काळी मळी आहे. जागेने आपला भूतकाळ लपवला नाही. फ्लोरिडात फॉस्फेटच्या खाणीने मागे टाकलेले वाळूचे ढीग तसेच राखून २०१२ साली मैदाने घडली. वॉशिंग्टन राज्यातील चेंबर्स बे तर खडी-वाळूच्या खाणीवरचे सार्वजनिक मैदान. २०१५ साली तिथे यूएस ओपन झाली, आणि न खेळणाऱ्या नागरिकालाही तिथे फिरायला पायवाट आहे.

उमरेडला गोल्फ हवा, असा याचा अर्थ नव्हे. विदर्भाच्या उन्हाळ्यात हिरवळीवर पाणी ओतणे हा अन्यायच ठरेल, आणि शेजारी उमरेड-कऱ्हांडल्याचे अभयारण्य आहे. हवी आहे ती रेडानची नजर, मॅकेन्झीचा संयम: पावसाचे पाणी वळणे घेत खड्ड्यातील तळ्यापर्यंत कसे जावे, चढण कुठे सुसह्य व्हावी, माथ्यावरून काय दिसावे. याच जिल्ह्यात सावनेर येथे खाणीच्या जागेवर पर्यटकांसाठी उद्यान झाले आहे, तेव्हा लोकांना आत घेणे अशक्य नाही.

खाण बंद करण्याचा आराखडा आधीच तयार असावा, असे केंद्राचे २००९ चे निर्देश सांगतात. त्या आराखड्यात भूदृश्य रचणाऱ्याला स्थान मिळायला हवे, आणि तेही डंपर चालू असतानाच. एकदा रचलेला ढीग पुन्हा हलवायचा तर खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो, आणि खाण बंद झाल्यावर तो कोणी करत नाही.