येळवशीला कडबा विकत!

२०२५ ची वेळ अमावस्या १९ डिसेंबरला आली, शुक्रवारी. आदल्या वर्षी ती ३० डिसेंबरला होती. तिथीचा सण, कधी नाताळाच्या अलीकडे पडतो, कधी पलीकडे. पण लातूर-धाराशिवकडची जी माणसं पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेली आहेत, ती थंडीतली रजा टाकतात ती येळवशीचा हिशेब धरून. दिवाळीला आलं नाही तर घरचे समजून घेतात. येळवशीला आलं नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. त्या दिवशी लातूर शहरात भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळं शहर शिवारात!

आम्हीही औसा तालुक्यातल्या आमच्या रानात गेलो होतो. आम्ही तिघे भाऊ. थोरले आम्ही, लातुरात. मधला पुण्याला कंपनीत. धाकटा गावात, रानावर. सातबाऱ्यावर नावं तिघांची, चिखलात पाय एकाचे.

ज्यांना हा सण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात. आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडून त्यांची पूजा करतात. मातीच्या बिंदग्यातलं आंबील रानभर शिंपडतात. मग जेवण. वाटाणा, तूर, हरभरा, वाल, शेंगदाणे, चाकवत, मेथी, जे जे रानात हिरवं असेल ते एका भांड्यात शिजवून केलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी आणि वर गार आंबील. कर्नाटकात बिदर-कलबुर्गीकडेही हाच सण आहे. येळवस हे नाव कानडीतूनच आलं असं जुने लोक सांगतात. रब्बीची ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली, हरभरा घाटे धरण्याच्या बेतात, तूर पिवळी झालेली, अशा भरल्या रानाची ही ओटी भरणं असतं.

रानात पोचलो आणि कोप बघितली. तीन बाजूंनी जुन्या साड्या, वर हिरवी शेडनेट आणि तोंडाशी शोभेला पाच-सहा पेंढ्या. धाकट्याची बायको म्हणाली, "भावजी, पेंढ्या विकत आणल्यात. शेजारच्या गावावरून, मोटरसायकलवर." आम्हाला वाटलं थट्टा करते आहे. थट्टा नव्हती. ज्या घरात पत्र्यावर मावत नव्हता इतका कडबा असायचा, त्या घरानं येळवशीला कडबा विकत आणला! आंबिलाचं पीठही गिरणीवरून आणलेल्या विकतच्या ज्वारीचं.

पुण्याहून आलेल्या पुतण्यानं रानभर फिरून विचारलं, "काका, हुरडा कुठंय?" पुण्याजवळ कुठल्याशा शेतावर माणशी काही शे रुपये मोजून तो गेल्या वर्षी हुरडा खाऊन आला होता. गूळभेंडीचा होता म्हणे. इथं स्वतःच्या रानात त्याला नजर पोचेल तिथवर हरभराच दिसत होता. एरवीही येळवशीला हुरडा जरा लवकरच होतो, पण ज्वारीच नाही तिथं लवकर काय आणि उशिरा काय.

मधल्यानं धाकट्याला जरा सुनावलंच, "निदान खाण्यापुरती तरी ज्वारी पेरायची की!" आता बोला. वर्षातून एकदा यायचं, भज्जी ओरपायची, फोटो काढायचे आणि वर पेऱ्याचं शहाणपण सांगायचं. आम्हीही मनातून त्याच्याच बाजूचे होतो, हे कबूल करतो. पण धाकट्यानं ताट बाजूला ठेवलं आणि जो हिशेब मांडला तो ऐकून आमचं तोंड बंद झालं.

"आण्णा, पेरायची कधी ते सांगा. ज्वारीचा पेरा सप्टेंबरच्या मधापासून ऑक्टोबरच्या मधापर्यंत. तवा रानात सोयाबीन उभं असतंय. ते काढून रान मोकळं होईस्तोवर ज्वारीची येळ गेलेली असती. मग हरभरा पेरतो. अन् औंदा तर काय, सप्टेंबरात पाण्यानं वापसाच येऊ दिला नाही."

यंदाचा सप्टेंबर कुणी विसरणार नाही. मांजरा, तेरणा पात्र सोडून रानात शिरल्या. सोयाबीन उभ्याउभ्या काळं पडलं.

"बरं, पेरली समजा. राखायची कुणी? एकट्याची ज्वारी असली की सगळ्या शिवारातली पाखरं अन् रानडुकरं तिच्यावरच. उपटायची कुणी? चार महिन्यांचं पीक हातानं उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. माणूस मिळंना. सोयाबीनचं गुत्तं दिलं की मळणीयंत्र येतंय, सांजंला पोती घरात."

यात खोटं काय आहे? २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे आणि सोयाबीनचा ५,३२८. सोयाबीनचाही हमीभाव कागदावरच राहतो म्हणा. २०२४ च्या हंगामात तो ४,८९२ होता आणि बाजारात माल त्याच्या बराच खाली गेला. तरी दसरा-दिवाळीच्या तोंडावर हातात रोकडा देणारं दुसरं पीक आज या काळ्या रानात नाही. त्यामुळे "शेतकऱ्यानं ज्वारी सोडली" असा ठपका ठेवणाऱ्यांनी आधी हा हिशेब खोडून दाखवावा. २०२३ हे जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं. भाषणं झाली, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. पण ज्वारी उपटायला एक माणूस वाढला नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे, आणि ती धाकट्यानंच सांगितली. आमच्याकडे चार बैल, दोन म्हशी होत्या. ट्रॅक्टर आला, बैल गेले. बैल गेले म्हणून कडबा नको झाला, कडबा नको म्हणून ज्वारी नको, आणि ज्वारी नाही म्हणून आता दारात एक म्हैस बांधायची तर वैरण विकतची. शेणखत थांबलं. रानाचा पोत गेला. खताच्या पोत्यांची उधारी वाढली. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांना आठवतं. त्या उन्हाळ्यात आमच्या म्हशी बाजार न बघता दावणीलाच राहिल्या, त्या जुन्या गंजीवर. ज्वारी ही पाटाच्या पाण्याची मिंधी नाही. परतीच्या पावसाची ओल आणि थंडीचं दव एवढ्यावर ती उभी राहते. बाजारभावाच्या पाटीवर हे कुठं लिहिलेलं नसतं.

संध्याकाळी कोपीत तिघे बसलो. आम्ही म्हटलं, पुढच्या खरिपात एक एकर सोयाबीन न पेरता मूग पेरायचा. मूग सत्तर दिवसांत निघतो. ऑगस्टअखेर रान मोकळं आणि सप्टेंबरात मालदांडी. ज्वारी आम्ही दोघे भाऊ घेऊ, पुण्या-लातूरच्या दुकानात जो भाव मोजतो त्याच भावानं. कडबा धाकट्याचा. मूग पावसात भिजून नासला तर तोटा तिघांत.

हा काही उपकार नव्हे. आमचंही नाव सातबाऱ्यावर आहे. खिशातला पैसा दुकानदाराला द्यायचा तो भावाला द्यायचा, इतकंच. सरकारनं काढणीचं सुटसुटीत यंत्र आणावं, खरेदी केंद्र वेळेवर उघडावं, हे आम्ही या पानावर मागत आलो आणि मागत राहू. पण येळवशीला गाड्या भरून येणारे जे हजारो भाऊ, काका, मामा आहेत, त्यांनी कोपीत बसून हा एकराचा विषय काढायला कुठल्या आदेशाची वाट बघायची?

धाकटा लगेच हो म्हणाला नाही. म्हणाला, "बियाणं अन् निम्मे पैशे मिरगाच्या आधी द्या. अन् उपटायला फेब्रुवारीत दोघंबी या. चार दिवस रजा काढून. येळवशीला तर कुणीबी येतंय."

मधल्यानं मोबाइल काढून २०२७ च्या फेब्रुवारीचं कॅलेंडर बघितलं. रजेचं बघतो म्हणाला. बियाण्याचे पैसे मात्र त्यानं तिथंच, कोपीत, वैनीच्या हातावर ठेवले.