‘देवाची इच्छा’ म्हणण्याआधी...

मयताच्या घरी गेल्यावर काय बोलावं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग तोंडाला येईल ते बोलून आपण मोकळ्या होतो. ‘देवाची इच्छा’, ‘त्यांचं तेवढंच आयुष्य होतं’, ‘आता मुलांकडं बघून दिवस काढायचे’. जात-धर्म कुठलाही असो, ही वाक्यं सगळीकडं सारखीच. आम्हा ख्रिस्ती घरांत त्यात आणखी एकाची भर पडते, ‘तो प्रभूजवळ गेला, मग रडायचं कशाला?’ सांगणारीचा हेतू वाईट नसतो. पण ऐकणारीला वाटतं, आपण रडतोय म्हणजे आपल्या विश्वासातच काहीतरी खोट आहे.

मैत्रिणींनो, मला आज या वाक्याबद्दलच बोलायचंय. दुःखात श्रद्धेचा आधार मिळतो, हे मी स्वतःच्या घरात आणि मंडळाच्या कामात पाहिलंय. पण तीच श्रद्धा दुःखावर झाकण म्हणून ठेवली, तर बाई आतल्या आत कशी कोंडली जाते, तेही पाहिलंय.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ कोरोनानं गेला. ते दिवस तुम्हालाही आठवत असतील. अंत्यविधीला वीसच माणसं. घरी भेटायला येणं नाही, गळ्यात पडून रडणं नाही. आमच्यात माणूस गेला की मंडळीतले लोक घरी जमतात, गायनं म्हणतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात, शेजारणी स्वयंपाकघर ताब्यात घेतात. त्यातलं काहीच झालं नाही. आईनं मुलाला निरोप दिला तो मोबाइलच्या पडद्यावर. नंतर एका नातेवाईक बाईंनी फोन करून तिला बजावलं, ‘मावशी, तुमच्यासारख्या विश्वासणाऱ्या बाईनं असं रडू नये.’ त्या दिवसापासून आई कुणासमोर रडायची बंद झाली. जेवणही कमी झालं.

तिला बोलतं केलं ते मंडळीतल्या तीन बायकांनी. त्यांनी पाळी लावून घेतली. रोज संध्याकाळी एकीचा फोन. उपदेश नाही. ‘आज काय केलंत? त्याला काय आवडायचं जेवायला?’ एवढंच. मग एखादं गायन, छोटीशी प्रार्थना. आईनं पुन्हा मुलाचं नाव घेतलं, रडली, आणि त्या रात्री पोटभर जेवली. तिचा विश्वास त्या फोनमुळं कमी झाला नाही. उलट त्याला बसायला जागा मिळाली.

खरं म्हणजे बायबलमध्ये रडण्याला भरपूर जागा आहे. लाजराच्या कबरीपाशी येशूच्या डोळ्यांत पाणी आल्याचं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. गंमत अशी, की थोड्या वेळानं आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं. तरी तो रडला. शेवट चांगला आहे हे माहीत असणाऱ्यालाही रडू येतं, तर आपण कोण टिकून लागलोय? स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यांतली कितीतरी म्हणजे देवाकडं केलेली सरळसरळ तक्रार आहे. ईयोबाचे मित्र त्याला भेटायला आले, तेव्हा सात दिवस न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्यांचं तेवढं बरोबर होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडून कारणं सांगायला सुरुवात केल्यावर! समाचाराला जाताना ही गोष्ट आपण सगळ्यांनीच पदराला बांधून ठेवावी.

आपल्या मराठी मातीत याची थोर उदाहरणं आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याला फुलामुलांचे कवी म्हणून माहीत असतात. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी त्या वेळी ताटातुटीचं दुःख काही वर्षं सोसलं आणि पुढं १९०० मध्ये स्वतः विचार करून तो धर्म स्वीकारला. आयुष्याच्या शेवटी टिळक आमच्या साताऱ्यात राहायला आले, १९१७ मध्ये त्यांनी इथं ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये ते गेले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या या बाईनं पुढं काय केलं? टिळकांनी अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढं लिहीत नेलं. ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, १९३४ पासून ती पुस्तकरूपानं आली. लहानपणी गेलेली लेकरं, उपासमार, वियोग, सगळं त्यात आहे, आणि पानोपानी हसूही आहे. दुःख झाकलेलं नाही, म्हणूनच ते हसू खरं वाटतं.

पंडिता रमाबाईंनी तर किती मरणं पाहिली! दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. मग भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक लेक, मनोरमा गेली. आपल्यामागं केडगावचं मुक्तिसदन जी सांभाळेल असं वाटत होतं, तीच. रमाबाईंचं अंग थकलेलं होतं, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी पुरं करत आणलं आणि एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. आशा म्हणजे ‘सगळं ठीक होईल’ असं म्हणत बसणं नव्हे, हे मला या दोघींकडून कळतं. आशा म्हणजे डोळे पुसत पुसत हातातलं काम पुढं नेणं.

ईस्टरची गोष्टही तशीच आहे. उत्तम शुक्रवारी येशूला कबरीत ठेवलं. शनिवारी काहीच घडलं नाही. रविवारी पहाटे बायका सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडं निघाल्या, त्या काही चमत्कार बघायला नव्हे. प्रेताला शेवटचं लावायचं राहिलं होतं, ते करायला. पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा मिळाली ती या रडत निघालेल्या बायकांना. आमच्या घरातली माणसं ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात जातात, फुलं ठेवतात, मेणबत्ती लावतात. पुन्हा भेट होणार हा आमचा विश्वास आहे. पण तोपर्यंतचा आपला ‘शनिवार’ किती लांबेल, हे बाहेरच्यानं ठरवू नये.

आता थोडं कडू बोलते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही बाकीच्या गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. आम्ही ख्रिस्ती बायका तेव्हा ‘आमच्यात असलं काही नाही’ असं म्हणून निवांत होतो. पण विधवा बाई रंगीत साडी नेसून उपासनेला आली की कुजबुज होत नाही का? लग्नात नवरीला हळद लावायला तिला पुढं बोलावतात का? पुनरुत्थानावर विश्वास ठेवायचा आणि जिवंत बाईला मात्र मेल्यात जमा करायचं, हे कसं चालेल?

म्हणून माझं सांगणं सोपं आहे. श्रद्धा कुठलीही असो, दुःखी घरात ती सल्ला म्हणून नेऊ नका, हातात डबा घेऊन न्या. पहिल्या पंधरा दिवसांत सगळेच येतात. तुम्ही तिसऱ्या महिन्यात जा, पहिल्या दिवाळीला, पहिल्या नाताळला जा. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका. बँकेचे कागद, वारसाची नोंद, पेन्शनचा अर्ज, या कामांना तिच्याबरोबर चला. देवाची इच्छा काय होती, ते तिचं तिला आणि देवाला ठरवू द्या. ती एकटी पडू नये, ही इच्छा तर देवाची नक्कीच असणार, आणि ती पुरी करणं आपल्या हातात आहे.