सनदेतले गुंठे, सातबाऱ्यातले आर



मे महिना आला की घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांतली निम्मी माणसे गावी जातात, आणि गावी गेले की भावकीत जमिनीचा विषय निघतोच. आजोबांच्या पेटीतला वतनाचा कागद एका हातात, नवा सातबारा दुसऱ्या हातात. जुन्या कागदावर लिहिलेले असते चार एकर. सातबाऱ्यावर दिसते १.६१.८७. झाले! सव्वादोन एकर गेली कुठे? पाटलाने खाल्ली की चुलत्याने? भावाभावांत बोलणे बंद होते, आणि बांध मात्र जागचा तसूभरही हललेला नसतो.

आपल्या घरातल्या या जमिनी बहुतेक महार वतनाच्या. रात्रंदिवस गावकी करायची, आणि मोबदला म्हणून हा तुकडा. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते या गुलामीतून समाजाला सोडवण्यासाठीच. कनिष्ठ गावकामगारांची वतने प्रत्यक्ष संपली ती १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. सारा भरून घेऊन जमिनी पूर्वीच्या वतनदारांना परत देण्यात आल्या. ते हुकूम एकर-गुंठ्यांत आहेत. आजचा सातबारा हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये आहे. दोन्ही कागद आपापल्या जागी खरे असू शकतात.

आता हिशेब. इंग्रज अमदानीतल्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद अशी जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आर म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटर. शंभर आरचा हेक्टर. एका गुंठ्यात १०१.१७ चौरस मीटर बसतात. हा एकच आकडा भिंतीवर लिहून ठेवा, बाकी सगळे त्यावरून निघते. सातबाऱ्यावर १.६१.८७ असे असेल तर ते एक हेक्टर, एकसष्ट आर, सत्त्याऐंशी चौरस मीटर असे वाचायचे. आणि ते बरोबर चार एकर भरतात.

घात होतो तो टिंबाने. जुन्या कागदावर ४.२० असे लिहिलेले असते. शाळेत दशांश शिकलेला आपला मुलगा ते चार पूर्णांक दोन दशांश एकर असे वाचतो. ते आहे चार एकर वीस गुंठे, म्हणजे साडेचार एकर. मीटरमध्ये १.८२.११ व्हायला हवे. चार पूर्णांक दोन धरले तर १.७० च्या आसपास येते. एका टिंबात बारा गुंठे गेले! वाटणीपत्र मराठी शाळेच्या गुरुजींकडून लिहून घ्या की वकिलाकडून, ही जागा आधी तपासा.

दुसरी खोट कमी दिसते, पण लागते. “आर म्हणजेच गुंठा” असे गावात सर्रास म्हणतात. एखाद्या गुंठ्याला ते चालून जाते. पण चार एकरांचे १६० गुंठे कुणी सरळ १६० आर म्हणून मांडले, तर १८७ चौरस मीटर कमी पडतात. म्हणजे सुमारे दोन हजार चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत आज ३०० चौरस फुटांचे घर मिळते. तशी सहा घरे त्यात मावतील, आणि आपण म्हणतो एवढ्या-तेवढ्याने काय होते.

वाटणीचे उदाहरण घेऊ. समजा, कागदावर ६ एकर १५ गुंठे आहेत. आधी सगळ्याचे गुंठे करा: सहा चोक चोवीस, म्हणजे २४० आणि वरचे १५, एकूण २५५. त्याला १०१.१७ ने गुणले की २५,७९८ चौरस मीटर. म्हणजे २ हेक्टर ५७ आर ९८ चौ.मी. दोन भाऊ आणि दोन बहिणी असतील तर हिस्से चार. (बहिणींना वगळून तीन-दोन हिस्से करणारे घर अजून सापडते. कायदा तसे सांगत नाही, आणि बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्याने तर ते करूच नये.) प्रत्येकाच्या वाट्याला ६४ आर ४९ चौ.मी., जुन्या भाषेत १ एकर पावणेचोवीस गुंठे.

मात्र हा हिशेब झाला म्हणून लगेच बांध घालायला जाऊ नका. वतनाची जमीन परत मिळाली ती नवीन अविभाज्य शर्तीवर. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असे असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्री वा वाटप करता येत नाही. वारस म्हणून नावे लावून घेणे वेगळे, ते वेळेवर करा.

कुणाच्या पेटीत त्याहून जुना, मोडी कागद निघाला तर त्यात बिघे, पांड, चाहूर भेटतील. वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. पण मोजायची काठी मुलखागणिक लहान-मोठी, तेव्हा बिघ्यावरून एकर काढायच्या भानगडीत पडू नये. आणे दिसले तर आणखी जपून. क्षेत्रातला आणा गुंठ्याचा सोळावा भाग, तर हिश्शातला आणा सगळ्या जमिनीचा सोळावा. “चार आणे” म्हणजे पाव गुंठा की पाव वाटा, हे पुढचे-मागचे वाचूनच कळते.

हिशेब करूनही आकडे जुळले नाहीत, तर मग शोध घ्यायचा. पहिल्यांदा पोटखराबा पाहा. तो लागवडीच्या क्षेत्राखाली वेगळा लिहिलेला असतो आणि बेरीज करायची राहून जाते. मग पाहा की सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला का. एकत्रीकरणात तुकडे इकडचे तिकडे गेलेले असतात. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून आकारबंद आणि एकत्रीकरणाचा जुना उतारा मागवा, आणि ज्या फेरफाराने क्षेत्र बदलले त्याचा नंबर सातबाऱ्यावरून उतरून घ्या. नंबर हातात असला की कारकुनाला “उद्या या” म्हणणे जड जाते. एके काळी गावाच्या शिवेचा तंटा निघाला की साक्षीला महाराला बोलावत, कारण शीव त्यालाच ठाऊक. त्याच्या नातवाला आपल्याच शेताचा आकडा परक्याकडून वाचून घ्यावा लागू नये.

उपनगरातल्या घरांसाठीही दोन आकडे. प्रॉपर्टी कार्डावर चौरस मीटर असतात, जुन्या भाडेपट्ट्यांत चौरस वार. वाराला ०.८३६ ने गुणा, मीटर येतात. आणि पुनर्वसनाच्या करारात २७.८८ चौरस मीटर कार्पेट लिहिले आहे का पाहा, १०.७६४ ने गुणले की ३०० चौरस फूट होतात. २५ लिहिले असेल तर ते २६९ फूट, २०.९० असेल तर २२५ फूट, म्हणजे जुन्या नियमाचे आकडे. सहीपूर्वी विचारा.