सौरपंपाची गती आणि विहिरीचे पाणी

लातूर व नांदेड जिल्ह्यांत सौरपंप आता नवलाईचे राहिलेले नाहीत. 2024 पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेने त्यांचा प्रसार वाढविला. पंप डी.सी. मोटरीचा असो वा ए.सी., तिची गती राखणारी पेटी म्हणजे कंट्रोलर. तिच्याकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष जाते. भाद्रपदात विहीर तुडुंब असताना ठरविलेली गती वैशाखातही तशीच राहते. काळ्या पाषाणातील झरे तेवढे पाणी पुरवू शकत नाहीत आणि पंप वरचेवर बंद पडतो. मग कोरडा पंप थांबविणारी सोयच काढून टाकण्याचा मोह होतो. तो सर्वस्वी घातक होय. पाण्यातील मोटरीला थंडावा पाण्याचाच असतो.

खरा उपाय गती उतरविण्याचा आहे, परंतु तो बेतानेच केला पाहिजे. गती 10 टक्क्यांनी घटली की पाणी चढविण्याची ताकद सुमारे 19 टक्क्यांनी घटते. उथळ विहिरीवर हे चालून जाईल. खोल कूपनलिकेत पाणी तोंडापर्यंत येणारच नाही. तेथे पंप थांबल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंतचा अवधी वाढविणे हेच बरे.

हा फेरबदल हमीच्या पाच वर्षांत पुरवठादाराच्या माणसाकडूनच करवून घ्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्या वेळी जातीने हजर राहून जुनी व नवी मापे शेतकऱ्याच्या वहीत उतरवून द्यावीत, म्हणजे पावसाळ्यात विहीर भरल्यावर गती पूर्ववत् करता येईल.